गुडघ्याला लागणारी सवड



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी ‘गुडघा’ असे म्हटल्यावर ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. ह्या गृहस्थाचा गुडघा दुखत असावा असे त्यांना वाटले असेल, आणि ते खोटे नाही. आताच आपण पाहिलेत, ह्या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या मी कठड्याला धरून चढलो. परंतु माझ्या दुखण्याचे रडगाणे ऐकवण्यासाठी मी येथे उभा नाही. गुडघा हाही कामगारांचाच प्रश्न आहे, असे माझे मत आहे, आणि ते आपणांस पटते का पाहावे म्हणून आलो आहे.

प्रथमच सांगून टाकतो की मी डॉक्टर नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते तिसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी वाचनालयाच्या बाकावर. इंग्रजी शिकलो ते कारखाने कायद्याचे पुस्तक आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून. त्यामुळे वैद्यकातले काही वाचताना मला वेळ लागतो. पण कायद्याची भाषा ज्याने पचवली त्याला डॉक्टरांची भाषा फारशी भिववीत नाही. मी सांगतो त्यावरून कोणी आपले औषधपाणी ठरवू नये. डॉक्टरांकडे जाताना कोणते प्रश्न विचारायचे, एवढे मात्र ठरवावे.

आपल्या भागात तालमी आहेत, जत्रेत फड भरतात, कबड्डीचे सामने रात्र रात्र चालतात. तेव्हा आरंभ खाशाबा जाधवांपासून करू. कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. जी फारशी कोणी सांगत नाही ती अशी की १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला खाशाबा गेले नाहीत, कारण गुडघा दुखावला होता. तिशीचा मल्ल, कुस्ती अजून अंगात होती, पण गुडघ्याने वाट अडवली. १९५५ सालीच ते पोलिसात फौजदार म्हणून लागले होते. त्या काळी गुडघ्याच्या आत काय तुटले आहे हे बाहेरून दाखवणारे यंत्र नव्हते. मल्लाचा गुडघा गेला म्हणजे मल्ल गेला, असा हिशेब होता.

माझाही गुडघा त्याच हिशेबात गेला, मात्र मी खाशाबा नव्हतो. वयाच्या पंचविशीत मी कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळत असे. मुरुमाच्या मैदानावर चढाई करून परतताना पाय रोवला, अंग वळले, आणि गुडघ्यातून काडी मोडावी तसा आवाज आला. कोणाचा धक्का लागला नव्हता. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. सवंगड्यांनी हाडवैद्याकडे नेले, त्याने ओढून पाहिले, तेल लावले. चार दिवसांनी दवाखान्यात नेले, तेथे सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. प्लास्टर काढले तेव्हा माझी डावी मांडी माझी मलाच ओळखू येईना, इतकी वाळली होती. रजा संपली होती. आठव्या दिवशी मी पुन्हा तिसऱ्या पाळीला, पोती उचलायला. कारखान्याचे नाव मी घेत नाही. त्या वेळी दुसरा कोणता कारखाना वेगळा वागला असता असे मला वाटत नाही. पुढच्या दोन वर्षांत तो गुडघा किती वेळा सटकला ह्याची मोजदाद मी ठेवली नाही. प्रत्येक वेळी तो सटकला की आतली गादी थोडी थोडी कातरली जात होती, हे मला फार उशिरा वाचून कळले.

आता आत काय असते ते थोडक्यात सांगतो. मांडीचे हाड आणि नडगी ह्यांची टोके गुडघ्यात एकमेकांवर टेकतात. दाराच्या बिजागरीप्रमाणे ती नुसती पुढे-मागे हलत नाहीत. थोडी फिरतात, थोडी घसरतातही. ही घसरण आवरण्यासाठी आत दोन दोर एकमेकांवर फुली मारल्यासारखे बसवलेले आहेत. त्यांतला पुढचा दोर नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना पिरगळू देत नाही. डॉक्टर त्याला ए.सी.एल. म्हणतात, आपली पोरे नुसते ‘लिगामेंट’ म्हणतात. लांबी जेमतेम सव्वा इंच. धावता धावता एकदम थांबणे, पाय रोवून दिशा बदलणे, उडी मारून वाकडे उतरणे, एवढ्याने तो तुटतो. कबड्डीत आणि कुस्तीत ह्याखेरीज दुसरे काय असते? दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात. दोर गेला आणि गुडघा सटकत राहिला की पाळी गाद्यांची.

दोर तुटला तर काय करायचे? आज बहुतेक तरुण खेळाडूंना एकच उत्तर माहीत आहे, ते म्हणजे ऑपरेशन. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा थोडी काढून घ्यायची, हाडांना भोके पाडून तिचा नवा दोर ओवायचा. ही विद्या मोठी आहे आणि तिची मी टिंगल करणार नाही. बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आईबाप वीटभट्टीवर राबलेले, मुलगा सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्य, २०२३ साली हांगझौच्या आशियाई खेळांत सुवर्ण घेऊन आला. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. दोर तुटला, गादीही फाटली. त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. त्याने चूक केली असे कोण म्हणेल? ज्याचा सारा धंदाच पाण्यात उडी मारून एका पायावर उतरण्याचा आहे, आणि गादीही ज्याची गेली आहे, त्याला ती वाट योग्यच होती.

ह्याच्या उलट बजरंग पुनिया. २०२१ च्या जूनमध्ये रशियात लढताना त्याचा गुडघा दुखावला. ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला तो गेला, आणि कांस्यपदकाची कुस्ती त्याने गुडघ्याला पट्टा न बांधता मारली, आठ-शून्य. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझा हात माझ्या गुडघ्यावर गेला होता हे कबूल करतो. परत आल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून लिगामेंट फाटल्याचे सांगितले, आणि सांगितले काय, तर सहा आठवडे पुनर्वसनाचा व्यायाम. सुरी नाही. जागतिक स्पर्धा त्याने सोडली, व्यायाम केला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला सुवर्ण आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. दोघांच्या इजा सारख्या नव्हत्या, म्हणून एकाच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर चुकीचे ठरत नाही. मला दाखवायचे आहे ते निराळेच. दोघांनीही जागतिक स्पर्धेवर पाणी सोडले, दोघांनीही महिने दिले, आणि ते महिने देताना दोघांपैकी एकाचीही चूल बंद पडली नाही.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अठरा ते पस्तीस वर्षांची, खेळणारी, नुकताच दोर तुटलेली १२१ माणसे त्यांनी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या ६२ जणांचे लवकर ऑपरेशन आणि मग व्यायाम. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना आधी व्यायाम. गुडघा सटकत राहिला तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची दुखणी, चालणे, खेळणे ह्यांचे गुण मोजले, तर दोहोंत फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या २३ जणांना पुढे ऑपरेशन लागले. पाच वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा हा आकडा ३० झाला होता. म्हणजे निम्म्यांना सुरी लागली आणि निम्म्यांना लागली नाही. हॉलंडमध्ये १६७ जणांवर तसाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. तेथेही पुनर्वसनाच्या गटातल्या निम्म्यांना पुढे ऑपरेशन करावे लागले.

येथे मी वकिली करीत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. स्वीडनच्या त्या प्रयोगात पोटासाठी खेळणारे पहिल्या फळीतले खेळाडू घेतलेले नव्हते. आणि २०२२ साली इंग्लंडात ३१६ जणांचा अभ्यास झाला, त्यांचा दोर जुना तुटलेला होता आणि गुडघा सटकतच होता. त्यांच्यात शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. माझ्यासारख्यांचा तो गट. दोन वर्षे सटकणारा गुडघा घेऊन पोती उचलणाऱ्याला कोणी वेळीच सांगितले असते, तर मी आनंदाने सुरीखाली गेलो असतो. गादी फाटून सांध्यात अडकली, गुडघा सरळच होईना, किंवा एकाच वेळी दोन-तीन दोर तुटले, तर वाट पाहण्यात शहाणपण नाही.

तेव्हा ‘ऑपरेशन की व्यायाम’ ही तक्रारच मुळी चुकीची मांडली जाते. व्यायाम दोन्हीकडे आहे. ऑपरेशन करून घेतलेल्यालाही तोच चार-सहा महिने करावा लागतो, आणि नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये असे आता जाणकार सांगतात. प्रश्न एवढाच की आधी तीन महिने मेहनत करून गुडघ्याची परीक्षा घ्यायची, की परीक्षा न घेताच सुरीकडे जायचे. आणि एक तिसरी वाट आहे, आपल्याकडे सर्वांत अधिक चाललेली: काहीच न करायचे. ‘ऑपरेशन नको म्हणाले’ एवढे ऐकून घरी यायचे, दोन महिने खाटेवर पडायचे, हळद-चुना लावायचा, आणि सूज उतरली की गुडघा बरा झाला असे समजायचे. ह्याला पुनर्वसन म्हणत नाहीत. मी हेच केले होते.

खरे पुनर्वसन कसे असते ते मी एका पोराच्या निमित्ताने जवळून पाहिले. तो आज ह्या मंडपात आहे, म्हणून नाव घेत नाही. निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वाडीवरचा, वय चोवीस, येथल्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, माल उचलण्याच्या खात्यात. गावच्या संघाचा पहिला चढाईपटू. गेल्या वर्षी माघातल्या जत्रेच्या सामन्यात त्याचा गुडघा माझ्यासारखाच गेला. तोच आवाज, तीच सूज. एम.आर.आय. झाला. दोर पूर्ण तुटलेला, गाद्या मात्र शाबूत. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितले. दुसऱ्यांनी विचारले, “तीन महिने मेहनत करशील का? मग ठरवू.” पोरगा माझ्याकडे आला तो ऑपरेशनचे पैसे कोठून उभे करायचे हे विचारायला. मी त्याला म्हटले, पैशाचे मग पाहू. तुला तीन महिने कोण देणार ते आधी पाहू.

पहिल्या पंधरा दिवसांत सूज उतरवणे आणि गुडघा पूर्ण सरळ करणे, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. टाचेखाली उशी घेऊन गुडघा खाली दाबायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचे. दिवसातून शंभर वेळा. आई स्वयंपाक करता करता मोजायची. नंतर भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे. मग घरच्या ओट्यावर एका पायाने चढणे-उतरणे. वजनाला जिममधले लोखंड नव्हते. पिठाच्या पिशवीत वाळू भरून घोट्याला बांधली, आधी एक किलो, मग दोन, मग पाच. डोळे मिटून एका पायावर उभे राहणे, हे त्याला सर्वांत जड गेले. तुटलेल्या दोराबरोबर पाय कोठे आहे हे कळण्याची जाणीवही जाते, ती स्नायूंना नव्याने शिकवावी लागते. फिजिओथेरपिस्ट बाई बारामतीत. आठवड्यातून एकदा एस.टी.ने यायचे, पुढे पंधरवड्यातून एकदा. बाकीचे सगळे घरी आणि नीरा डाव्या कालव्याच्या कडेने.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बाईंनी सुताराची टेप घेतली आणि एका पायावर लांब उडी मारायला सांगितले. चांगल्या पायाची उडी १६० सेंटिमीटर, दुखऱ्याची ११८. म्हणजे चौऱ्याहत्तर टक्केच. किमान नव्वद हवी. पोराचा चेहरा पडला. चौथ्या महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरताना गुडघा एकदा सटकला, आणि खरे सांगतो, पोरापेक्षा मी जास्त घाबरलो. मला माझी दोन वर्षे आठवली. मी त्याला म्हटले, “आता पुरे, जाऊ या ऑपरेशनला.” डॉक्टरांनी मलाच गप्प केले. “एकदा सटकला, लिहून ठेवा. दुसऱ्यांदा सटकला तर मी स्वतः तारीख देतो.” तो दुसऱ्यांदा सटकला नाही. गणपतीच्या सुमारास पुन्हा टेप निघाली: चांगला पाय १६४, दुखरा १५१. ब्याण्णव टक्के.

आता ह्या साऱ्यात ते महिने आले कोठून, हे सांगतो. कारण त्यासाठीच मी हा विषय घेतला.

पोराच्या व्यवस्थापकांचे पहिले उत्तर असे होते की कबड्डी खेळताना पाय मोडला, त्याच्याशी कंपनीचा काय संबंध? मी म्हटले, साहेब, आपल्या कचेरीत शिरताना उजव्या हाताला एक फोटो लावला आहे, ढाल घेतलेल्या संघाचा. मधला कोण आहे ते पाहून या. ते हसले, म्हणून पुढचे बोलणे झाले. कायद्याने त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते: खेळातली इजा ही कामावरची इजा ठरत नाही, त्यामुळे कामावरच्या अपघाताची भरपाई मिळणार नव्हती. परंतु राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा लाभ वेगळा आहे. तेथे पाय कोठे मोडला असे विचारीत नाहीत. २०१७ साली लागू झालेल्या मर्यादेप्रमाणे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला विमेदार कामगार, आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मागू शकतो. पंधरा हजारवाल्याला महिन्याला साडेदहा हजार. आणि कंत्राटदाराचा माणूस असला तरी वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते, हे लक्षात ठेवा. ह्या पोराला त्याच्या कंत्राटदाराने विम्याचा नंबर आहे हेच सांगितले नव्हते. पगारातून कपात मात्र दरमहा होत होती! दोन महिने त्याने तो लाभ घेतला. पुढचे तीन महिने त्याला तपासणीच्या टेबलावर बसून करण्याचे काम मिळाले. त्यासाठी तीन बैठका झाल्या, आणि शेवटी मिळाले काय, तर एक खुर्ची.

मंडळी, ह्याच रस्त्याने पलीकडे पाहा. भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत हंगामात ऊसतोडीचे तळ पडतात. डोक्यावर उसाची मोळी, आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचे. मैदानावरचा पाय जेथे वळतो त्याहून ती फळी वाईट. त्या माणसाचा किंवा बाईचा गुडघा गेला तर काय? मुकादमाची उचल आधीच खर्चून बसलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा पाय गेला की कोयता अर्धा, आणि खाडा झाला की दंड. तेथे ७० टक्के नाहीत, ९१ दिवस नाहीत, खुर्ची नाही. त्या बाईला कोणी डॉक्टरने प्रामाणिकपणे सांगितले की तीन महिने व्यायाम कर, मग ठरवू, तर ती हसेल. आणि ऑपरेशन कर म्हटले तरी हसेल, कारण त्यालाही नऊ महिनेच लागतात. ह्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. संघटना अजून त्या तळापर्यंत नीट पोचलेली नाही, ही माझ्यासकट आम्हा सर्वांची उणीव आहे.

पोराचे पुढे काय झाले ते सांगून खाली बसतो. दिवाळीपासून तो माल उचलण्याच्या खात्यात पूर्ण पाळी करतो आहे. कालव्याच्या कडेने पळतो. यंदाच्या जत्रेत तो खेळला नाही, पंच म्हणून उभा राहिला, आणि मला लोकांनी सांगितले की दोन्ही दिवस त्याचे लक्ष नियमापेक्षा चढाई करणाऱ्याच्या पायाकडे होते. त्याला पुन्हा चढाई करायची आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, कामासाठी हा गुडघा पुरेसा आहे. पण दर वर्षी चढाईच करायची असेल तर धोका राहील, मग ऑपरेशनचा विचार कर, आणि करशील तर नऊ महिने पुरते दे. आई म्हणते, खेळ सोड. मी काही म्हणत नाही. पंचविशीत मला कोणी ‘सोड’ म्हटले असते तर मीही ऐकले नसते. पावसाळा संपेपर्यंत ठरवतो असे तो म्हणाला आहे.

त्याने ऑपरेशनचे ठरवले तर पुन्हा ते ९१ दिवस आणि पुन्हा ती खुर्ची लागेल. खुर्चीसाठी व्यवस्थापकांना द्यायचे पत्र मी लिहून ठेवले आहे. तारीख तेवढी घातलेली नाही.